फ्लॅटच्या हॉलमध्ये कार्डिओ: आठ आठवड्यांची आखणी

जुलै महिन्यात ठाण्यात किंवा ऐरोली-वाशीकडे खिडक्या लावून दहा मिनिटं जागेवर चाललं, तरी टी-शर्ट पाठीला चिकटतो. एवढा घाम आला म्हणजे व्यायाम भरपूर झाला, अशी समजूत होते आणि माणूस थांबतो. पण हा घाम मेहनतीपेक्षा हवेमुळे दिसतो. खाडीकाठची हवा आधीच ओलीचिंब असते, त्यात घाम वाळायला जागा नसते. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता ओघळून गेलेला घाम उपयोगाचा नाही. मग आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं आणि पाय त्याच वेगाने चालत असूनही ठोके वाढत जातात. मे आणि ऑक्टोबरमध्येही हेच होतं.

म्हणून इथे घरी कार्डिओ, म्हणजे हृदयाचा आणि दमाचा व्यायाम, करणाऱ्याने घामावर भरवसा ठेवू नये. माप श्वासाचं घ्यावं.

जोर किती लावायचा

सगळ्यात सोपी चाचणी बोलण्याची. व्यायाम चालू असताना बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. पूर्ण पाढा एका दमात आला, तर वेग कमी आहे. दोन-तीन ओळींनंतर श्वास घ्यावा लागतो, पण बोलणं अडखळत नाही, ही मध्यम तीव्रता. पहिले सात आठवडे इथेच राहायचं. ‘बारा एके बारा’सुद्धा तुटत असेल तर जोर जास्त झाला.

आकडा हवा असेल तर नाडी मोजा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंदांतले ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. मानेवर मोजत असाल तर एकाच बाजूला, हलक्या हाताने. कमाल ठोक्यांचा अंदाज असा: २०८ मधून वयाचा ०.७ पट वजा करा. वय ४५ असेल तर साधारण १७६. याच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मिनिटाला ११३ ते १३४ ठोके हा मध्यम पट्टा. हे सूत्र सरासरीचं आहे. माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून घड्याळ एक सांगत असेल आणि श्वास दुसरं, तर श्वासाचं ऐका. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना हा आकडा लागूच पडत नाही. गोळी ठोके वाढू देत नाही आणि आकड्यामागे धावणारा माणूस नको इतका दमतो. त्यांनी फक्त पाढ्याची चाचणी वापरावी.

आधी डॉक्टरांना कोणी भेटायचं

हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, चालताना छातीत दडपण किंवा घेरी येणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वर्षानुवर्षं बैठं काम करून चाळिशी ओलांडलेल्यांनी. हे शेवटचं उगाच लिहिलेलं नाही. आपल्याकडे हृदयविकार आणि मधुमेह तुलनेने लवकरच्या वयात गाठतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर असेल, तर तपासणी टाळू नका. बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर बघा. आकडा १०० च्या खाली असेल तर केळं खाऊन थोड्या वेळाने पुन्हा तपासा, मगच सुरू करा. २५० च्या वर असेल आणि मळमळ, थकवा किंवा आजारपण वाटत असेल तर त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांना फोन करा.

व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत पसरणारी कळ, थंड घाम, न शमणारी धाप, यातलं काहीही झालं तर लगेच थांबा, बसा आणि १०८ ला फोन करा. बायकांमध्ये कळ सौम्य असून मळमळ आणि थकवाच जास्त जाणवू शकतो. ‘पित्त झालं असेल’ म्हणून वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो.

जागा, जमीन, बूट

वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीपॉय सरकवून सहा फूट बाय पाच फूट मोकळी जागा मिळाली की पुरे. दोन्ही हात पसरून गोल फिरा. कशालाही हात लागता कामा नये.

खरी अडचण जमिनीची. व्हिट्रिफाइड टाइल घामाच्या चार थेंबांनी निसरडी होते आणि पावसाळ्यात घरातच कपडे वाळत असतील तर ती आधीपासूनच दमट असते. सतरंजी किंवा चादर अंथरू नका, ती पायाखालून सरकते. पातळ योगा मॅटवर बाजूला पावलं टाकली की तिची कड दुमडते आणि घोटा मुरगळतो. खाली रबर असलेली, न सरकणारी मॅट घ्या, नाहीतर कोरड्या टाइलवर बूट घालून करा. घरात बूट घालणं आपल्याला पटत नाही, म्हणून एक जोडी फक्त घरासाठी ठेवायची आणि ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. अनवाणी कडक टाइलवर रोज अर्धा तास पाय आपटले की काही आठवड्यांत सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येऊ लागते. ती बरी व्हायला महिने लागतात.

पंखा चालूच ठेवा, वारा अंगावर येऊ द्या. ‘घाम जाऊ दे’ म्हणून पंखा बंद करण्याने वजन घटत नाही, फक्त पाणी जातं.

रोजची रचना

सुरुवातीची ५ मिनिटं अंग मोकळं करायला. जागेवर हळू चालणं, खांदे आणि घोटे फिरवणं, शेवटच्या मिनिटाला गुडघे कंबरेच्या थोडे खाली येईपर्यंत उचलणं. थंड स्नायूंवर एकदम जोर आला तर पोटऱ्या धरतात.

मुख्य भागात उड्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्यांची झोप हे एक कारण, गुडघे हे दुसरं. एक पाय कायम जमिनीवर ठेवून पुढचे प्रकार प्रत्येकी एक मिनिट करा:

- जागेवर भरभर चालणं, हात कोपरात वाकवून मागेपुढे
- बाजूला एक पाऊल, दुसरं जोडून घ्यायचं, परत
- टाच मागे नितंबाकडे
- हवेत मुठी मारणं, कंबर थोडी वळवत, कोपर झटक्याने पूर्ण सरळ न करता
- खुर्चीच्या कडेला टेकून उठणं, हात छातीशी

पाच मिनिटांची ही एक फेरी. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. उठताना गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे फाकवा आणि वजन टाचांवर घ्या. शाळेत लेझीम केलेल्यांना एक फेरी रिकाम्या हातांनी लेझमीच्या पावलांची करता येईल. वाकणं, उठणं, पुढे-मागे पावलं हे सगळं त्यात आहेच आणि ताल असल्यामुळे वेग आपोआप टिकतो. मंगळागौरीच्या खेळांतला झिम्माही चालेल. फुगडी मात्र टाइलवर नको.

शेवटी ५ मिनिटं वेग उतरवत नेणं. याला फाटा देणारे खूप, म्हणून कारण सांगणं गरजेचं आहे. पाय हलत असताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त पिळून वर हृदयाकडे पाठवत असतात. एकदम थांबलं की ते रक्त पायांतच साठतं, मेंदूकडचा पुरवठा क्षणभर घटतो आणि भोवळ येते. थांबल्याबरोबर गरम पाण्याची आंघोळ केल्यास हेच जास्त जोराने होतं. पाढा पुन्हा सहज म्हणता येईपर्यंत चालत राहा, मग पोटऱ्या आणि मांड्या प्रत्येकी २०-३० सेकंद ताणा.

आठ आठवडे

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम अशी आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत ही जुनी अट आता नाही. सकाळची लोकल पकडण्याआधी एक तुकडा आणि संध्याकाळी दुसरा केला तरी तो हिशेबात धरला जातो.

खालच्या मिनिटांत फक्त मुख्य भाग धरला आहे.

पहिला-दुसरा आठवडा: ४ दिवस, १० मिनिटं.
तिसरा: ५ दिवस, १० मिनिटं.
चौथा: ५ दिवस, १५ मिनिटं.
पाचवा: ५ दिवस, २० मिनिटं.
सहावा: ५ दिवस, २५ मिनिटं.
सातवा-आठवा: ५ दिवस, ३० मिनिटं.

वाढवण्याचा क्रम पाळा: आधी दिवस, मग मिनिटं, सगळ्यात शेवटी जोर. एकाच आठवड्यात दोन गोष्टी वाढवू नका. दम आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूबंध आणि हाडं सावकाश तयार होतात. तिसऱ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ म्हणून दुप्पट करणारे चौथ्या-पाचव्यात नडगी किंवा गुडघा धरून बसतात, ते याच फरकामुळे. दुसऱ्या दिवशी स्नायू दोन्हीकडे सारखे ठणकत असतील तर चालेल. दुखणं एका बाजूला, सांध्यात किंवा बोट ठेवून दाखवता येईल असं असेल, तर तो प्रकार बंद करा.

आठव्या आठवड्यापासून तब्येत ठीक असेल तर एक दिवस चढ-उताराचा ठेवा: १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, अशा ६ फेऱ्या, म्हणजे १८ मिनिटं. असे दोन दिवस करायचे असतील तर मध्ये किमान ४८ तास जाऊ द्या.

जिना

घोडबंदर रोड किंवा खारघरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या दाराशीच उत्तम साधन आहे. एक मजला साधारण तीन मीटर. चढताना हृदयाला काम मिळतं. उतरताना गुडघ्यावर भार येतो आणि मांड्या दोन दिवस दुखतात, म्हणून जिन्याने चढा, लिफ्टने उतरा. पहिल्या आठवड्यात ३-४ मजले, कठड्याला हात लावून. जाळीच्या जिन्यात पावसाचं पाणी आत येतं, तिथे पावसाळ्यात नकोच.

घरात पायरी हवी असेल तर १० ते १५ सेंटिमीटर उंचीची, रबरी पायांची एरोबिक स्टेप घ्या. लाकडी पाट टाइलवर घसरतो आणि प्लास्टिकचं स्टूल कडेला वजन पडलं की उलटतं. पूर्ण पाऊल पायरीवर टेकायचं, टाच बाहेर लोंबकळू द्यायची नाही.

खाणं-पिणं

जेवणानंतर दीड-दोन तास थांबा. सकाळी उपाशीपोटी चक्कर येत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर अर्धा तास आधी. सुरू करण्यापूर्वी पेलाभर पाणी, मध्ये घोट घोट. अर्ध्या तासाच्या व्यायामाला मीठ-साखरेच्या पेयाची गरज नाही. रक्तदाब असलेल्यांनी मीठ घातलेलं सरबत सवयीने पिऊ नये.

फरक पडला का

वजनकाटा आठ आठवड्यांत फारसा हलत नाही आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. त्याऐवजी ही चाचणी करा. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप) मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला पायरीवर एक पाऊल टाका: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. मिनिटाला २४ चढ-उतार होतात. तीन मिनिटं करून लगेच बसा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजून लिहून ठेवा. गुडघेदुखी असेल तर ही चाचणी सोडा. पायरी तीच, वेळ तीच, चहा-कॉफी आधी नको. पावसाळ्यातला आकडा थंडीतल्या आकड्याशी लावू नका, दमटपणानेच ठोके वाढतात. दर चार आठवड्यांनी हा आकडा खाली येत असेल तर हृदय तेच काम कमी ठोक्यांत करू लागलं आहे.

खंड पडला तर

गणपतीत, दिवाळीत किंवा तापाने खंड पडणारच. आठवडा गेला तर एक टप्पा मागे या. तीन आठवडे गेले तर निम्म्या मिनिटांपासून सुरू करा. अंगात ताप असताना किंवा छातीत कफ असताना अजिबात नको. नुसतं नाक वाहत असेल तर हळू चालणं चालेल. डेंग्यू किंवा मलेरियानंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला आठवडा फक्त दहा मिनिटं, तेही पूर्ण पाढा एका दमात म्हणता येईल इतक्याच वेगाने.