नॅसचा बॅकअप घेण्याआधी कागद-पेन घ्या

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवणारा डिस्कचा डबा. त्याचा बॅकअप घ्यायला लागणारी पहिली वस्तू कागद आणि पेन. डिस्क, केबल, यूपीएस सगळं त्यानंतर. बॅकअपला एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डचं कुलूप, लावणार असाल तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद नॅसपासून लांब ठेवा. हे मी खाली पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण गेल्या पावसाळ्यात माझ्याकडून नेमकं हेच राहिलं.

आमचं घर पंचवटीत. जुलैतल्या एका रात्री गल्लीतल्या डीपीवर मोठा आवाज झाला, घरातले दिवे क्षणभर पांढरेफटक झाले आणि गेले. सकाळी नॅस सुरू होईना. अ‍ॅडॉप्टर बदलला, तरी नाही. आतल्या दोन्ही डिस्कही फिरेनात. तरीही मी शांत होतो, कारण कपाटात ४ टीबीची बॅकअपची डिस्क होती आणि आदल्याच रविवारी तिच्यावर सगळं उतरवलेलं होतं. डिस्क लॅपटॉपला जोडली, बॅकअप उघडायला गेलो, तर पासवर्ड मागितला. तो मी एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवला होता. ती फाइल नॅसवर, ‘महत्त्वाचे’ नावाच्या फोल्डरमध्ये. तिची दुसरी प्रत त्याच कुलूपबंद बॅकअपच्या आत. आठवतील ते सगळे पासवर्ड टाकून पाहिले. २०१५ च्या सिंहस्थातले फोटो पुढे भावाकडून, मामेबहिणीकडून थोडेफार जमवले. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, सव्वादोन तासांचं रेकॉर्डिंग, दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. आजी आता नाही.

म्हणून कागद. पासवर्ड सुट्या, स्वच्छ अक्षरांत लिहा. शून्य कुठलं आणि ओ कुठला, कॅपिटल अक्षर कुठलं, हे सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. मग तो कागद समोर ठेवून, आठवणीतून नव्हे तर कागदावरून वाचत, एकदा टाइप करून बघा. दोन प्रती करा. एक घरात, घरपट्टी आणि विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये. दुसरी दुसऱ्याच्या घरी. डिस्कच्या पिशवीत कागद ठेवायचा नाही. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरचं बॅकअपचं सॉफ्टवेअर, हायपर बॅकअप, वापरत असाल तर एन्क्रिप्शन लावताना किल्लीची एक फाइलही ब्राउझरमधून तुमच्या लॅपटॉपवर उतरते. ती डाउनलोड्समध्ये पडून राहते आणि कधीतरी साफसफाईत उडते. त्याच दिवशी ती पेनड्राइव्हवर घ्या. पासवर्डही नाही आणि ही फाइलही नाही, तर तो बॅकअप कोणीही उघडून देऊ शकत नाही. तिथे एकदा बॅकअपचा टास्क तयार झाला की एन्क्रिप्शन नंतर लावताही येत नाही आणि काढताही येत नाही, तेव्हा काय ते आधी ठरवा. बँकेचे कागद, आधारची स्कॅन असतील तर लावा. नुसते घरचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ असतील तर माझं मत स्पष्ट आहे: निदान एक डिस्क बिनकुलपाची ठेवा.

‘नॅसमध्ये रेड आहे, दोन डिस्कवर तेच ते लिहिलं जातं, मग बॅकअप कशाला?’ हा प्रश्न मला आजही लोक विचारतात. एका डिस्कवरून फोल्डर उडवला की दुसरीवरूनही तो त्याच क्षणी उडतो. रेडमुळे एक डिस्क बिघडली तर काम चालू राहतं, बाकी काही नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसनी इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठले आणि लोकांच्या फाइल कुलूपबंद केल्या. बॅकअपची डिस्क नॅसलाच कायम जोडलेली असेल तर तीही अशा हल्ल्याच्या तावडीत सापडते, आणि व्होल्टेजच्याही. बॅकअप झाला की डिस्क काढा.

डिस्क दोन घ्या, एक पुरत नाही. आधी नॅसवर भरलेली जागा किती ते बघा आणि त्याच्या निदान दीडपट मोठी डिस्क घ्या, कारण जुन्या आवृत्त्याही जागा खातात. ४ टीबीच्या डिस्कवर कॉम्प्युटर ३.६ च्या आसपास दाखवतो. दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. फॉरमॅटकडे, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतीकडे, लक्ष द्या. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ हमखास त्याहून मोठा असतो. ईएक्सटी४ नॅसला सोयीचं, पण विंडोजचा लॅपटॉप ते सरळ उघडत नाही. घरात विंडोजच असेल तर तुमचा नॅस एनटीएफएसवर लिहितो का ते बघा आणि तेच ठेवा. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं आधीचं सगळं जातं, हे वेगळं सांगत नाही.

केबल डिस्कसोबत आलेली तीच वापरा आणि यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. सेकंदाला १०० एमबी धरले तर २ टीबीला साडेपाच तास लागतात. यूएसबी २ वर वेग ३०-३५ वर येतो, म्हणजे सोळा ते साडेअठरा तास, आणि तेवढ्या वेळात वीज एकदा तरी जातेच. नॅस यूपीएसवर हवा. घरच्या इन्व्हर्टरवर येताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यानेही नॅस रीस्टार्ट होऊ शकतो. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असतो. तोही यूपीएसवरच लावा, भिंतीच्या बोर्डात नको.

दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलं की आमच्याकडे आधी खालच्या कपाटातल्या वस्तू माळ्यावर जातात. त्या धावपळीत डिस्क कोणाच्या लक्षात राहणार? माझी दुसरी डिस्क इंदिरानगरला ताईकडे असते. कागदाची दुसरी प्रत मात्र ताईकडे नाही, ती नाशिकरोडला मामाकडे. डिस्क एका घरात, पासवर्ड दुसऱ्या.

बॅकअप संपला, हिरवी खूण दिसली, की थांबू नका. माझ्याकडेही दर रविवारी हिरवी खूण येत होती. डिस्क नॅसवरून काढा, दुसऱ्याच लॅपटॉपला लावा, कागद काढा, कागदावरून पासवर्ड टाका आणि एक फोटो, एक व्हिडिओ, एक रेकॉर्डिंग उघडून शेवटपर्यंत ऐका. हायपर बॅकअपचं साठवण नुसतं डबल-क्लिक करून उघडत नाही, त्याला लॅपटॉपवर हायपर बॅकअप एक्सप्लोरर हा वेगळा प्रोग्राम लागतो; तोही आजच उतरवून ठेवा. कागद न वापरता केलेली तपासणी धरू नका.

बाकीचं थोडक्यात. इजेक्ट केल्याशिवाय केबल ओढू नका. डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावा. महिन्याला दोन्ही डिस्कची अदलाबदल, त्याची मोबाइलवर आठवण. पासवर्ड बदलला तर दोन्ही कागद बदला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, पाहुणे येतील, फोटो वाढतील, त्याआधी हे उरका.

आणि कागद कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवं. परवा बायकोने विम्याच्या फाइलमधून तो स्वतः काढला, एकेक अक्षर वाचत पासवर्ड टाकला आणि फोल्डर उघडला. मी बाजूला नुसता उभा होतो.