नव्या वाणाची नोंदणी: अर्जाच्या आधीच होणाऱ्या या चुका टाळा

“ताई, माझ्या सोयाबीनचं पेटंट काढायचंय. किती दिवस लागतील?”

पावसाळा सुरू झाला की हा फोन येतोच. कधी सांवेरहून, कधी देपालपूरहून, कधी इथलंच एखादं पोरगं, कृषी महाविद्यालयातून नुकतंच बाहेर पडलेलं. इंदूरला राजेंद्रनगरात घराच्या पुढच्या खोलीत बसून मी वाण नोंदणीचे अर्ज तयार करून देते, त्याला आता वीस वर्षं होत आली. सुरुवात त्या एका शब्दापासूनच करावी लागते. भारतात झाडाचं, बियाणाचं, वाणाचं पेटंट निघत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे)मध्येच ते बाहेर ठेवलं आहे. त्यासाठी वेगळा कायदा आहे: वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१. दिल्लीला त्याचं प्राधिकरण आहे, अर्ज तिथे जातो. आणि दिवस विचारू नका, हंगाम विचारा. नव्या वाणाची चाचणी दोन हंगाम, दोन ठिकाणी होते. घाई असेल त्यानं दुसरा धंदा पाहावा, हे मी अगदी मनापासून सांगते.

आधी विकलं, मग अर्ज केला

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

‘नवीन वाण’ म्हणून नोंदणी हवी असेल तर अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात त्या वाणाची विक्री सुरू होऊन एका वर्षापेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. परदेशात ही मुदत चार वर्षांची आहे, झाडं आणि वेली असतील तर सहा. कायद्यातले शब्द नीट वाचा: विक्री ‘किंवा अन्य प्रकारे हवाली करणं’. आमची मंडळी घसरतात ती इथेच.

सांवेरकडचा एक मुलगा. हुशार आणि मेहनती. दोन प्रसारित वाणांचा संकर त्यानं स्वतः केला होता. सोयाबीनचं फूल केवढंसं असतं, कळी चिमट्यानं उघडून पुंकेसर काढायचे म्हणजे डोळ्यांचं काम. शंभर फुलं धरली तर त्यातली मोजकीच टिकतात. सहा-सात पिढ्या निवड करत त्यानं एक ओळ स्थिर केली, म्हणजे दर पिढीत सारखीच येणारी झाडं. लवकर येणारी, पक्व झाल्यावरही शेंग न फुटणारी. पुढच्या वर्षी राखीनंतर माझ्याकडे आला, सोबत फोटो, वह्या, पिशवीभर बी. माझा पहिला प्रश्न नेहमीचाच: “कुणाला विकलंस का?”

“नाही ताई. विकलं नाही, दिलं.”

हे उत्तर ऐकलं की मी पेन खाली ठेवते. किती दिलं, कुणाला, कधी, पैसे घेतले का, हे एकेक करून विचारत गेले. निघालं असं की आदल्या वर्षी जूनमध्ये त्याच्या मामाच्या दुकानातून बारा क्विंटल बियाणं तीन गावांत गेलं होतं. ‘संशोधन बियाणं’ असा शिक्का मारून, पिशवीवर भाव छापून. बिलं फाडलेली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिशवीचा फोटोही होता, तारखेसकट. जून ते पुढचा ऑगस्ट, चौदा महिने. अर्ज दोन महिने आधी गेला असता तर वाण ‘नवीन’ ठरलं असतं.

मग तो म्हणाला, “ताई, ती बिलं बाजूला ठेवू. मामा काही बोलणार नाहीत.”

मी तो अर्ज तसा भरायला नकार दिला. आजही देईन. चुकीच्या माहितीवर मिळालेलं प्रमाणपत्र रद्द करता येतं, आणि रद्द करा म्हणून कुणीही हितसंबंधी माणूस अर्ज करू शकतो. म्हणजे वाण चालू लागलं, चार पैसे दिसू लागले की नेमका त्याच वेळी कुणीतरी तो जुना फोटो शोधून काढतो. एफएल २०२७ या बटाट्याचं प्रकरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. पेप्सिकोच्या त्या अर्जात वाण ‘नवीन’ म्हणून दाखवलं होतं. अर्ज फेब्रुवारी २०१२चा, आणि भारतातली पहिली विक्री डिसेंबर २००९ची. २०१६ला नोंदणी झाली, डिसेंबर २०२१मध्ये प्राधिकरणानं ती रद्द केली. पुढे उच्च न्यायालयात वर्षं गेली आणि जानेवारी २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. एवढ्या मोठ्या कंपनीला एका रकान्यापायी हे सोसावं लागलं. मामाच्या दुकानाच्या जोरावर तुम्ही किती वर्षं कोर्टात उभे राहाल?

त्या मुलाचं वाण शेवटी अस्तित्वातलं, लोकांच्या माहितीतलं वाण म्हणून दाखल केलं. तीही नोंदणीच आहे, त्यात कमीपणा काही नाही. नवेपणाची अट तेवढी नसते. पण मधल्या काळात त्या तीन गावांपैकी एका गावातल्या दुकानदारानं तेच बी वेगळ्या नावानं आपल्या पिशवीत भरून विकायला सुरुवात केली होती. हातात नोंदणी नाही, साधा अर्जही नाही, मग त्याला अडवायचं कशाच्या आधारावर? तो मुलगा माझ्यासमोर गप्प बसून राहिला. ते मला आजही आठवतं, आणि म्हणूनच हे इतकं लिहिते आहे.

माझी सवय सांगते. बी शेताबाहेर गेलं की त्याची वहीत नोंद हवी: कुणाला, किती किलो, कोणत्या तारखेला, कशासाठी. चाचणीसाठी द्यायचं असेल तर खुशाल द्या. न विकलेल्या वाणाच्या चाचणीमुळे हक्क जात नाही, कायदाच तसं म्हणतो. पण साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या: हे बी चाचणीसाठी आहे, विकायचं नाही, उरलेलं परत करायचं. पैसे घेऊ नका. पहिलं बिल फाडायचा मोह झाला की त्याच्या आधी अर्ज पाठवा.

रोप पाहिलंच नाही आणि तक्ता भरला

अर्जासोबत तांत्रिक प्रश्नावली असते. तिच्या आधारे वाणाचं वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता तपासतात. या तपासणीला सगळे डीयूएस चाचणी म्हणतात. नवशिके ही प्रश्नावली कापणी झाल्यावर भरायला बसतात, आठवणीनं. आठवण इथे कामाची नाही.

सोयाबीनचंच घ्या. उगवून आठ-दहा दिवस झाले की रोप दोन जाड बीजदलं डोक्यावर घेऊन उभं असतं. त्याच्या खालच्या देठाला हायपोकोटाइल म्हणतात. गुडघ्यावर बसून, पाठीवर ऊन घेऊन तो देठ पाहायचा असतो: जांभळट झाक आहे की निव्वळ हिरवा? ही संधी आठवडाभराची. पुढे देठ जून होतो, मातीचे शिंतोडे उडतात, काही कळत नाही. त्या आठवड्यात आपल्याकडे आभाळ कोसळत असतं आणि काळ्या मातीत पाय रुततो, म्हणून कुणी शेतात जात नाही. ऑगस्टमध्ये फुलं आली की जातात, कारण फुलांचे फोटो छान येतात.

एका अर्जाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. हायपोकोटाइलवर जांभळी झाक ‘नाही’, आणि फुलाचा रंग ‘जांभळा’. सोयाबीनमध्ये या दोन गोष्टी एकाच जनुकाशी बांधलेल्या आहेत. जांभळ्या फुलाच्या झाडाचं रोपही जांभळट देठाचं असतं, पांढऱ्या फुलाचं हिरव्या देठाचं. ज्यानं चार हंगाम सोयाबीन पाहिलं आहे त्याला तो तक्ता वाचता क्षणी कळतं की लिहिणारा रोपाजवळ गेलेला नाही. मग बाकीच्या रकान्यांवर तरी कुणी विश्वास का ठेवावा? मी तो मसुदा परत दिला आणि पुढच्या पेरणीपर्यंत थांबायला सांगितलं. राग आला त्यांना. पण दिल्लीहून परत येण्यापेक्षा राजेंद्रनगरातून परत गेलेलं बरं.

मी स्वतः प्रत्येक अवस्थेला शेतात जाते आणि उभ्या उभ्याच पेन्सिलीनं लिहिते, पावसात शाई पसरते म्हणून. फुलाचा रंग, शेंगेवर लव आहे की नाही आणि कोणत्या रंगाची, ५० टक्के फुलोऱ्याचा दिवस, दाण्याच्या नाभीचा रंग. घरी येऊन वही उतरवत नाही. चिखल लागलेलं मूळ पानच जपून ठेवते.

एकसारखेपणाचं गणितही शेतातच बिघडतं, आणि ते बहुतेक वेळा मळणीत. सोयाबीन स्वपरागीभवनाचं पीक आहे, परागानं मिसळ फार थोडी होते. भेसळ शिरते ती भाड्याच्या थ्रेशरमधून. आदल्या शेतातलं मूठभर बी जाळीत अडकलेलं असतं, पुढच्या वर्षी जांभळ्या फुलांच्या वाफ्यात पांढरी फुलं हसत उभी. नमुन्याचं बी मी ताडपत्रीवर काठीनं झोडपूनच काढायला लावते. दोन माणसांचा दिवस जातो, जाऊ द्यावा. आणि भेसळ झाडं फुलोऱ्यातच मुळासकट उपटायची. नंतर निवडून काढू म्हणणाऱ्यानं नंतर कधीच निवडलेलं नाही.

‘एकरी उतारा’ सांगत बसणं

डीयूएसमध्ये उताऱ्याला गुण नाहीत. वाण वेगळं आहे का, एवढाच प्रश्न असतो. ते चांगलं आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. तरी लोक पानंच्या पानं उताऱ्यावर लिहितात आणि जवळचं तुलनेचं वाण कोणतं, हा खरा महत्त्वाचा रकाना एका शब्दात उरकतात. त्यातही हुशारी करून मुद्दाम दूरचं वाण लिहितात, म्हणजे फरक मोठा दिसावा. असं करू नका. सगळ्यात सारखं दिसणारं वाण शोधा, शेजारी पेरा, आणि फरक नेमका कुठे आहे ते दाखवा.

उताऱ्याच्या बढाईला दुसरीही बाजू आहे. नोंदणी झालेल्या वाणाचं बी विकताना, अमुक परिस्थितीत ते किती देईल हे पैदासकारानं, म्हणजे वाण काढणाऱ्यानं, शेतकऱ्याला सांगायचं असतं. तेवढं आलं नाही तर कलम ३९ खाली शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. पिशवीवर आकडा छापण्याआधी हे आठवा.

शेतकऱ्याला चोर समजणं

प्रमाणपत्र हातात आलं की काहींचा पहिला प्रश्न असतो, “आता गावात कुणी घरचं बी पेरलं तर केस करता येईल ना?” नाही. याच कलम ३९नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा, विकण्याचासुद्धा हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाखाली पॅकबंद विकायचं नाही. मगाशी सांगितलेल्या बटाट्यावरूनच २०१९मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लागले. एकेकावर कोटीच्या घरातली मागणी. देशभर ओरड झाली आणि काही आठवड्यांत दावे मागे घ्यावे लागले. कायद्याच्या नावातच शेतकरी आहे, आणि तुम्ही ज्या वाणांतून नवं काढलं ती पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या कणग्यांतून आली? तुमचा हक्क आहे तो दुसऱ्या बियाणे विक्रेत्यावर. तिथे तो जरूर वापरा.

याची उलटी भीतीही दिसते. नोंदणीकृत वाण संकरासाठी वापरलं तर गुन्हा होईल म्हणून काही जण जनकवाणांची नावं लपवतात. वापरायला पूर्ण मोकळीक आहे, संशोधकाचा तो हक्कच आहे. दर वर्षी व्यापारी उत्पादनासाठी तेच वाण पुन्हापुन्हा जनक म्हणून लागणार असेल, तरच मूळ पैदासकाराची परवानगी लागते. लपवणं मात्र महागात पडतं.

आता किरकोळ वाटणाऱ्या, पण अर्ज अडकवणाऱ्या काही गोष्टी.

बीजप्रक्रिया केलेलं बी चाचणीला पाठवू नका. सोयाबीनला औषध चोळायची सवय हाताला असते, पण नमुना कोराच जायला हवा.

बियाणे कायदा, १९६६ खाली अधिसूचना निघाली किंवा बियाणं प्रमाणित झालं म्हणजे वाण तुमच्या मालकीचं झालं, असं नाही. भौगोलिक मानांकनही वेगळं. रतलामकडच्या रियावनच्या लसणाला ते मिळालं आहे, पण ते त्या भागाच्या मालाला असतं. एका माणसानं काढलेल्या वाणाला नसतं.

नावात ‘मालवा’, ‘इंदूर’ घालायचा आग्रह धरू नका. भौगोलिक नावाला अडचण येते, प्रामाणिक वापर पटवून द्यावा लागतो. नुसते आकडेही चालत नाहीत. आणि जे नाव वाणाला दिलं त्याचा ट्रेडमार्क घेता येत नाही, म्हणून कंपनीचं लाडकं नाव वाणाला देऊन बसू नका.

वाण एकानं काढलं आणि अर्ज दुसऱ्याच्या नावानं असेल तर पीव्ही-२ हा फॉर्म लागतो, म्हणजे अर्ज करण्याच्या हक्काचा पुरावा. भागीदारीत सगळं गोड चाललेलं असतानाच तो करून घ्या.

पिढीजात राखलेलं गावरान वाण असेल तर शेतकऱ्याच्या नावानं अर्ज करा. त्याला शुल्क माफ आहे. हे माहीत नसल्यानं दलालाला पैसे मोजलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला फार संताप येतो.

प्रमाणपत्र पहिल्यांदा मिळतं ते सहा वर्षांचं, झाडावेलींना नऊ. नूतनीकरण करून पिकांना एकूण १५ आणि झाडावेलींना १८ वर्षांपर्यंत जाता येतं. दर वर्षीचं शुल्क वेगळं. लागोपाठ दोन वर्षं ते चुकलं की नोटीस येते, आणि नोटिशीकडेही दुर्लक्ष केलं तर हक्क जातो. नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की माझ्याकडच्या प्रत्येक वाणाची तारीख मी लाल पेनानं त्यावर मांडते. सांवेरच्या त्या मुलाच्या वाणाचीही.