जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅन: ही बेटं नेमकी कोणाची ते कसं समजून घ्यायचं

जर्सी फ्रान्सच्या किनाऱ्यापासून जेमतेम २२ किलोमीटर, इंग्लंड त्याच्या कितीतरी पट लांब, तरी तिथे पौंड चालतो आणि राजा ब्रिटनचा, म्हणून आपण "यूके" म्हणून मोकळे होतो आणि तिथेच चुकतो. जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन, ही तिन्ही बेटं यूकेत नाहीत, वसाहती नाहीत, स्वतंत्र देशही नाहीत. ती थेट राजाची, म्हणजे क्राउनची.

आधी एकच विचारा, राजाला बेट मिळालं कसं? मुंबईचंच बघा ना, १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालने ती दिली ती दुसऱ्या चार्ल्स राजाला, आणि त्याने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तसंच इथे. जर्सी-गर्न्सी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीच्या ड्यूकची होती, त्या घराण्यातल्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड घेतलं, म्हणजे बेटं आधीची, इंग्लंड नंतरचं. १२०४ मध्ये जॉन राजाच्या हातून नॉर्मंडी गेली पण बेटं राहिली, आणि त्यांचे जुने नॉर्मन कायदेही राहिले. आइल ऑफ मॅनचा रस्ता वेगळा, नॉर्स म्हणजे व्हायकिंग राजे, मग स्कॉटलंड, मग इंग्लिश सरदार, आणि तिथून होणारी स्मगलिंग डोईजड झाली तेव्हा १७६५ मध्ये ७०,००० पौंड मोजून क्राउनने हक्क विकत घेतले.

मग बघा कायदे कोण करतं. प्रत्येकाची स्वतःची विधानसभा आहे, मॅनची टिनवॉल्ड तर दर जुलैमध्ये उघड्यावर, टेकडीवर भरते आणि वर्षभरातले नवे कायदे लोकांसमोर जाहीर होतात. लंडनच्या संसदेत यांचा एकही खासदार नाही, २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानातही हे नव्हते. टॅक्स स्वतःचे, फक्त संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यूके बघतं.

जुना कायदा किती जिवंत आहे ते मला सगळ्यात भारी वाटतं. समजा शेजारी तुमच्या जागेत भिंत बांधायला लागला, तर तुम्ही तिथेच साक्षीदारांसमोर गुडघ्यावर बसायचं आणि फ्रेंचमध्ये तीनदा "हारो!" ओरडून म्हणायचं, माझ्या राजा, धावून ये, माझ्यावर अन्याय होतोय. बस, काम तिथल्या तिथे थांबवावं लागतं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. जर्सी-गर्न्सीत हे आजही कायद्यात आहे!

जाणार असाल तर दोन गोष्टी नक्की करा. यूकेचा रोमिंग पॅक घेतलाय म्हणून तिथे चालेलच असं धरू नका, यादीत बेटाचं नाव आहे का ते आधी बघा. आणि तिथल्या स्थानिक नोटा, १ पौंडाचीसुद्धा कागदी असते, लंडनमध्ये दुकानदार सहसा घेत नाहीत, तर निघायच्या आधी तिथेच खर्चून टाका किंवा बदलून घ्या.