पोलीस ठाण्यातून निघण्याआधी कागद वाचा

मागच्या वर्षी वखरणीच्या दिवसांत बांधावरून भांडण झालं आणि शेजारच्या शेतवाल्याने माझ्या काकांना खाली पाडून लाथा घातल्या. पोलीस ठाण्यात मी सोबत होतो, तरी काम बिघडलं. म्हणून हे लिहितोय.

आधी दवाखाना. सरकारी दवाखान्यात मारहाण झाली असं स्पष्ट सांगा, एमएलसी नोंद (पोलीस प्रकरणातली वैद्यकीय नोंद) करायला लावा, केसपेपरचा फोटो काढा. कपडे फाटले असतील, रक्त लागलं असेल तर धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. आधार, मोबाइल घ्यालच. घटनेची वेळ, जागा आणि कोणी कोणी पाहिलं ते घरूनच एका कागदावर लिहून न्या. ठाण्यात बसल्यावर माणूस गोंधळतो, नावं आठवत नाहीत.

'आमची हद्द नाही' एवढं ऐकून परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, दखलपात्र असेल, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा असेल, तर खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. नंदुरबारच्या आसपास गाडीत बॅग चोरीला गेली आणि भुसावळला उतरल्यावर कळलं, तर भुसावळलाच झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या ठाण्यात नोंदवलेला एफआयआर, नोंदवा.

आता जिथे मी चुकलो ते. हातात मिळालेला कागद तिथेच वाचा. काका अहिराणीत सांगत होते, "मना हात मोडना," म्हणजे माझा हात मोडला. जबाबात उतरलं, 'हाताला दुखापत झाली.' काकांनी सही केली, मी वाचलं नाही. शिक्क्याचा कागद मिळाला, म्हणजे एफआयआर झाला असं धरून मी तो घडी करून खिशात घातला. वर स्पष्ट लिहिलेलं होतं: अदखलपात्र. अशा नोंदीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. महिनाभर आम्ही ज्या तपासाची वाट पाहिली, तो सुरूच झालेला नव्हता.

साधी मारहाण अदखलपात्र असते. पण हाड मोडलं तर ती कायद्याने गंभीर दुखापत, दखलपात्र, 7 वर्षांपर्यंत शिक्षेची. 15 दिवस रोजची कामं करता आली नाहीत तरी गंभीरच. काकांचं मनगट मोडल्याचं दुसऱ्या दिवशी एक्स-रेत दिसलं. तो घेऊन त्याच दिवशी ठाण्यात जायचं, पुरवणी जबाब द्यायचा, कलम वाढवायला सांगायचं. आम्ही प्लास्टर घालून घरी आलो.

तेव्हा सहीआधी वाचा. अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तसं वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुम्ही बोललात तेच उतरलंय का बघा. 'मोडला' म्हणालात तर 'मोडला'च हवं. मग कागदाचा मथळा बघा. एफआयआर असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलमं असतात, आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. प्रत घेतल्याशिवाय उठू नका. रात्र झाली, शेवटची एसटी चुकली, तरी उठू नका. अदखलपात्र लिहिलं असेल तर का, ते तिथेच विचारा.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवायला नकार दिला तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर हे पोहोचलंच पाहिजे. फोन 15100. नुकसानभरपाईचा अर्जही प्राधिकरणाकडेच. आरोपी सापडला नसला तरी करता येतो. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्यात खासगी दवाखान्यालाही तातडीचे उपचार मोफत करावे लागतात.

बाकी थोडक्यात. तातडीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, ऑनलाइन पैसे गेले तर त्याच क्षणी 1930. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत पोलिसांनी कळवायचं असतं. नाही कळवलं तर लेखी विचारा, गु.र.नं. घालून. आरोपी निर्दोष सुटला तर पीडितालाही अपील करता येतं. मुदत किती, ते निकालाच्या दिवशीच वकिलाला विचारा.