कस्टमच्या आधी सेन्सी लावताना

रविवारी रात्री नऊला कस्टम रूम (आयडी टाकून शिरायचा खास सामना) आहे आणि आज सोमवार. बीजीएमआय या मोबाइल गेमची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सेन्सी (बोट ओढलं की निशाणा किती सरकतो ते), बदलायची असेल तर आजच बसा, कारण नव्या आकड्यांची बोटांना सवय व्हायला माझ्या अनुभवाने चार-पाच दिवस तरी लागतात. शुक्रवारनंतर सेटिंगमधल्या त्या पानाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाका. गेल्या वर्षी आमच्या स्क्वाडमधल्या एकाने सामन्याच्या आदल्या रात्री कुणातरी नावाजलेल्या खेळाडूचा सेन्सी कोड (त्याचे सगळे आकडे एकदम उतरवणारा) टाकला होता. पहिल्याच मॅचला पोचिंकीत, म्हणजे गेमच्या नकाशावरच्या एका गावात, समोरचा जिन्यात उभा, जेमतेम दहा पावलांवर, आणि याचं क्रॉसहेअर (निशाण्याची खूण) त्याच्या डोक्यावरून सरकून थेट भिंतीवर. मला फार वाईट वाटलं, कारण पोरगा मेहनती होता. त्या आकड्यांत काही खोट नव्हती, फक्त ते दुसऱ्याच्या फोनचे आणि दुसऱ्याच्या हातांचे होते.

म्हणून सुरुवात फोनपासून. स्क्रीन गार्ड कोपऱ्यात उचलला गेला असेल किंवा त्यावर ओरखडे असतील तर आजच बदला, कारण नव्या काचेवर बोट वेगळं सरकतं आणि ती काच सामन्याच्या दिवशी बदलली तर सगळा सराव वाया जातो. कव्हर घालून खेळणार की काढून, तेही आत्ताच ठरवा. ग्राफिक्स स्मूदवर ठेवा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) असा निवडा की तो अर्ध्या तासानंतरही टिकेल. फोन ९० फ्रेम दाखवतो पण तापला की खाली घसरतो, असं होत असेल तर सरळ ६० वर या. फ्रेम पडले की तेच बोट, तेच अंतर, पण निशाणा जड वाटायला लागतो, आणि मग आपण विनाकारण सेन्सीला दोष देत बसतो. बॅटरी सेव्हर बंद, खेळताना चार्जिंग नको.

त्यानंतर बटणांची मांडणी. दोन अंगठ्यांनी खेळता की तीन-चार बोटांच्या क्लॉने (बोटं पंजासारखी वाकवून), फायरचं बटण कुठे, स्कोपचं कुठे, हे पक्कं झाल्याशिवाय सेन्सीकडे वळू नका. बटण अर्धा इंच सरकलं तरी अंगठ्याला ओढायला मिळणारी जागा बदलते. मांडणी जमली की ती क्लाउडवर चढवून ठेवा.

आता खरं काम. सेटिंगमध्ये स्लायडरची रांग दिसली की माणूस गांगरतो, पण त्यातलं प्रत्येक काम वेगळं आहे. फ्री लुक म्हणजे डोळ्याचं बटण धरून इकडेतिकडे बघणं. निशाण्याशी त्याचा संबंध नाही, आवडेल तसं ठेवा. कॅमेरा सेन्सिटिव्हिटी गोळी चालत नसतानाची: शत्रू दिसला की क्रॉसहेअर त्याच्यापर्यंत किती झटकन जातं, ते हिच्यावर. एडीएस मात्र गोळ्या सुटत असताना बोट ओढलं की लागू होते, म्हणजे रिकॉइल (गोळ्या सुटताना बंदुकीचं वर उसळणं) आवरण्याचं काम तिचं. जायरोचेही (फोन वळवून निशाणा हलवण्याचे) असेच दोन भाग आहेत, एक गोळी नसतानाचा आणि एक असतानाचा. बहुतेक जण कॅमेऱ्याचे आकडे फिरवत बसतात आणि स्प्रे (सलग गोळीबार) का वर जातो म्हणून विचारतात.

सुरुवातीला आकडे हवेतच, तर हे घ्या. कॅमेऱ्याला रेड डॉट (साधा, जवळचा स्कोप) ५५ च्या आसपास, २x (दुप्पट जवळ दाखवणारा स्कोप) ला ३८, ३x ला २७, ४x ला २०, ६x ला १४, ८x ला १०. स्कोप जितकं जवळ आणतो तितकं हाताचं कापरं मोठं दिसतं, म्हणून आकडा उतरत जातो. एडीएसलाही आधी हेच ठेवा. हे फक्त सुरुवातीचे आकडे आहेत. भिंतीसमोर उभं राहिलात की ते बदलणारच.

ट्रेनिंग ग्राउंडवर जा, एम ४१६ रायफल उचला, रेड डॉट लावा, बाकी एकही अटॅचमेंट नको. कोरी भिंत बघून तिच्यापासून थोडं लांब उभे राहा. पहिलं मॅगझिन बोट न ओढता रिकामं करा आणि भोकं बघा: ती वर चढत जातात, आणि जरा डाव्या-उजव्या बाजूलाही भरकटतात. आता दुसरं मॅगझिन, या वेळी अंगठा सावकाश खाली ओढत. ओढूनही भोकं वर जात असतील तर एडीएस कमी पडतेय, ५ ने वाढवा. भोकं जमिनीकडे उतरली किंवा पुंजका नागमोडी झाला तर जास्त आहे, ५ ने उतरवा. एका वेळी एकच स्लायडर, आणि प्रत्येक बदलानंतर किमान पाच मॅगझिन. दोनमध्ये काही कळत नाही. पहिल्या दहा गोळ्या ताटाएवढ्या जागेत बसल्या तर त्या आकड्यावर थांबा. मग कॉम्पेन्सेटर आणि ग्रिप (झटका कमी करणारे जोड) लावून पुन्हा बघा, मग एकेएम रायफल घ्या. एकेएमचा झटका मोठा, त्यामुळे एम ४१६ ला बेतलेला आकडा तिथे थोडा अपुरा वाटेल. तिच्यासाठी सगळं बदलू नका, तुम्ही जास्त वेळा उचलता त्या बंदुकीला धरून ठेवा. ६x आवळून ३x वर आणून स्प्रे मारायची सवय असेल तर तोही याच भिंतीवर वेगळा तपासा.

भिंत झाली की हलती टार्गेट्स. गोळी न मारता नुसतं क्रॉसहेअर त्यांच्यावर धरून ठेवा. ते पुढे पळत असेल तर कॅमेरा कमी करा, मागे रेंगाळत असेल तर वाढवा.

जायरोबद्दल माझं मत ठाम आहे: फोनमध्ये चांगला जायरो सेन्सर असेल तर तो शिकाच. अंगठा स्क्रीनच्या कडेला पोचला की ओढायला जागाच उरत नाही, पण मनगट अजून वळू शकतं. माझ्या धाकट्या बहिणीने आधी फक्त स्कोप उघडल्यावर जायरो, अशी सेटिंग ठेवली आणि महिनाभराने कायम चालू केला. एकदम उडी मारण्यापेक्षा हे बरं. इथले आकडे मोठे असतात: रेड डॉटला ३००, ३x ला २००, ४x ला १८०, ६x ला ८० पासून बघा. फोन टेबलावर ठेवून गेम उघडा; क्रॉसहेअर आपोआप सरकत असेल तर सेन्सरच गडबडतोय आणि त्या फोनवर जायरोच्या नादी लागू नका. बसायची जागाही एकच ठेवा. पलंगावर लोळून केलेला सराव खुर्चीत बसल्यावर कामाला येत नाही, कारण मनगटाचा कोनच बदलतो. पण सामन्याला अजून सहाच दिवस असताना जायरो नव्याने सुरू करू नका, तो पुढच्या महिन्यात.

रोज रात्री आकडे कागदावर लिहा, तारीख टाकून, आणि पानाचा स्क्रीनशॉट काढा. बुधवारी हात बिघडलाय असं वाटेल. तेव्हा मंगळवारचा कागद समोर असला की गोंधळ होत नाही. गुरुवारी स्क्वाडसोबत टीडीएम (दोन संघांची छोटी लढत) खेळा, शुक्रवारी दोन क्लासिक (मोठ्या नकाशावरचे नेहमीचे सामने).

रविवारी फोन पूर्ण चार्ज, नोटिफिकेशन बंद, हात कोरडे. घाम येत असेल तर अंगठ्यांना स्लीव्ह किंवा चिमूटभर पावडर. आठ वाजता दहा मिनिटं त्याच भिंतीवर स्प्रे, एक टीडीएम, मग फोन थंड होऊ द्या. साडेआठला अपडेट आलेलं दिसलं तर ते टाकून झाल्यावर सेन्सीचं पान उघडून आकडे कागदाशी ताडून बघा, आणि मगच रूमचा आयडी टाका.