लूक १३ वरून शब्बाथाचा अभ्यास कसा घ्यावा

मंडळीच्या किंवा घरच्या प्रार्थनासभेत लूक १३:१०–१७ हा उतारा घ्यायचा असेल, तर आधी शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा बायबलमधल्या दोन्ही ठिकाणांहून मोठ्याने वाचून घ्यावी. निर्गम २० मध्ये तिचे कारण म्हणून सृष्टी निर्माण केल्यावर देवाने सातव्या दिवशी घेतलेला विसावा सांगितला आहे. अनुवाद ५ मध्ये मात्र इस्राएलाने मिसरातील आपले दास्य आणि परमेश्वराने केलेली सुटका आठवावी, आणि आपल्याप्रमाणेच दासदासींनाही विसावा मिळू द्यावा, असे म्हटले आहे. हा दुसरा उतारा बहुधा वाचायचा राहून जातो. तो वगळल्यास पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

मग लूककडे यावे. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली ती स्त्री काही मागत नाही. येशूच तिला पाहून बोलावतो आणि शब्बाथाच्या दिवशीच बरे करतो. सभास्थानाच्या अधिकाऱ्याचे बोलणे वाचताना त्याला दुष्ट ठरवण्याची घाई करू नये. कामासाठी सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा, हे त्याचे म्हणणे वरवर वाजवी आहे, कारण तिचा जीव धोक्यात नव्हता. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये शब्बाथाला वर्ज्य अशी ३९ प्रकारची कामे दिली आहेत. पण जिवाला धोका असल्याची नुसती शंका आली तरी शब्बाथ बाजूला ठेवावा, असेही तिथेच सांगितले आहे. म्हणून यहुदी धर्मशास्त्र निर्दय होते असे शिकवणे हा अन्याय आहे, आणि तो ख्रिस्ती शिकवणीतून फार काळ होत आला आहे.

वाद खरा आहे तो पुढे: जिवावर बेतलेले नसेल, तर दयेने उद्यापर्यंत थांबावे काय? येशू बैलाचे आणि गाढवाचे उदाहरण देतो. तहानलेले जनावर एका दिवसाने मरणार नाही, तरी शब्बाथाच्या दिवशी त्याचे दावे सोडून त्याला पाण्यावर नेतातच. मग अब्राहामाच्या या कन्येने का थांबावे? येथे गटाला पुन्हा अनुवाद ५ उघडायला सांगावे. ज्या दिवशी सुटका आठवायची, त्याच दिवशी बांधलेल्याला सोडवणे हा आज्ञेला अपवाद ठरत नाही. ते आज्ञेचेच पालन ठरते.

शब्बाथ शनिवारी पाळावा की रविवारी, या चर्चेत वेळ घालवू नये. त्याऐवजी प्रत्येकाला विचारावे, की आपण उपासनेला बसतो तेव्हा आपल्यासाठी कोण राबत असते: स्वयंपाकघरातली आई, घरकामाच्या मावशी, की सोसायटीचा वॉचमन? मावशींना रविवारची पगारी सुट्टी देता येईल काय, हे तिथेच ठरवावे. आजाऱ्याच्या उशाशी थांबल्यामुळे किंवा रुग्णालयातल्या पाळीमुळे ज्यांची उपासना चुकते, त्यांना अपराधी वाटू देऊ नये. सभा संपण्यापूर्वी त्यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करावी आणि पुढच्या रविवारी त्यांच्या जागी कोण थांबेल तेही नेमून द्यावे.