गच्चीवर गवत टाकायचंय? आधी बादलीभर पाणी ओता

आम्ही मागं एकदा मे महिन्यात घाईघाईत गच्चीवर ते प्लास्टिकचं गवत टाकून घेतलं. दुकानातनं माणूस आला, कोब्यावर सगळीकडं सोल्युशन फासलं, रोल दाबला आणि दोन तासात गेला पण. दिसायला लय भारी. मग जुलै आला, कोल्हापूरचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि गवताखालनं असा कुबट वास यायला लागला की आईनं गच्चीचं दारच उघडायचं बंद केलं. कोपरा उचकटून बघितला तर खाली काळं पाणी साठलेलं, आणि बेडरूमच्या स्लॅबला ओल.

म्हणून सांगतो, गवत कुठलं घ्यायचं ते नंतर बघा. आधी मोकळ्या गच्चीवर दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि चहा पिऊन या. जिथं डबकं राहिलंय तिथं खडूनं गोल करा आणि गवंड्याला बोलवून तेवढा उतार करून घ्या, दहा फुटाला इंच-सव्वा इंच बास होतो. स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग पण आत्ताच, गवताखाली गळती शोधत बसणं लय वैताग.

आता माल. दुकानात गेलं की पहिलं एमएम विचारतात, म्हणजे पात्याची उंची. गच्चीला, अंगणाला २५ ते ३५ बास. ४०-५० एमएमचं टर्फवाल्या फुटबॉलचं वेगळं असतं, त्यात वाळू आणि रबराचे काळे दाणे भरतात, घरात कशाला ते. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका. सॅम्पल हातात घेऊन उलटं दुमडा, पात्यांच्या ओळीतनं पाठ लगेच उघडी दिसली तर विणकाम विरळ आहे समजायचं. मग मुठीत दाबून सोडा, पाती परत उभी राहतात का बघा, आणि एक पातं चिमटीत धरून ओढा, सहज हातात आलं तर तो माल तिथंच ठेवा. खालच्या पाठीला भोकं पाहिजेतच. दुकानातच बाटलीभर पाणी ओतून दाखवा म्हणायचं, लाजायचं काय त्यात. पाती पॉलिइथिलिनची मऊ असतात, स्वस्तातली पॉलिप्रोपिलिनची जरा राठ आणि लवकर आडवी पडतात. उन्हाला टिकायला यूव्ही ट्रीटमेंटची वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

मापात लय पैसे जातात. रोल बहुतेक २ मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फूट. समजा गच्ची १० बाय १८ आहे. लांबीनं टाकलं तर १८ फुटाच्या दोन पट्ट्या, २३४ स्क्वेअर फूट माल. तेच आडवं टाकलं तर १० फुटाच्या तीन पट्ट्या, १९५ मध्ये काम. एक जोड वाढतो खरा, पण पैसे वाचतात. घरी कागदावर मांडूनच दुकानात जा.

टाकताना रोल दोन-तीन तास उन्हात उलगडून ठेवा, वळ्या निघतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली पाहिजेत, नाहीतर एक पट्टी गडद आणि एक फिकट दिसते, लुगड्याला ठिगळ लावल्यासारखं. कापायचं पाठीमागनं, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधनं, आणि कडेची बिनपात्याची पट्टी काढूनच जोडायचं. जोडाखाली जॉइंट टेप आणि सोल्युशन, कोरड्या दिवशीच. गच्चीवर बाकी कुठं चिकटवू नका, नुसती कडेनं टेप, म्हणजे पावसाळ्याआधी उचलून खाली झाडता येतं. बजेट असेल तर खाली ड्रेनेजची जाळीदार मॅट घाला, पाणी तिच्यातनं वाहून जातं. आम्ही दुसऱ्यांदा तेच केलं. आणि गच्चीवर वाळू नको, ती पन्हाळीत जाऊन बसते.

मातीचं अंगण असेल तर हराळी, लव्हाळा गड्ड्यासकट काढा, लव्हाळा वरनं तोडला तर परत येतोच. चारेक इंच खणून खडी, वर इंचभर कच, पाणी मारून धुमसानं ठोकायचं, मग जिओटेक्स्टाईलचं, म्हणजे पाणी झिरपू देणारं आणि तण अडवणारं कापड आणि वर गवत. कडेनं फूटफूटभर अंतरावर खिळे मारा. इथं वर थोडी कोरडी सिलिका वाळू टाकून झाडूनं घोळवली की पाती उभी राहतात.

उन्हाळ्यात दुपारी हे गवत इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही, लहान पोरं असतील तर वर हिरवी नेट बांधाच. समोरच्या मोठ्या काचेचं ऊन परतून एकाच जागी पडत असेल तर पाती वितळतात पण. कुत्रं असेल तर रोज पाण्याचा पाइप मारायचा.

आणि दिवाळीत फटाके लांब. आमच्याकडं एका फुलबाजीनं रुपयाएवढं भोक पाडलंय, त्याच्यावर आता तुळशीची कुंडी आहे.